एक्झॉस्टला तीन थाऊ

१६ एप्रिल १९९८, गुरुवार

मुरगूडहून ट्रॅक्टर आला. टेम्पोतून उतरवायला पाच माणसं लागली, त्यातली तीन नुसती ओरडायला. लांबी पाच फूट चार इंच दोन सूत, पुढची चाकं लहान, मागची मोठी, मधे लोखंडी पत्र्याची सीट. बागेतल्या कामाचा विलायती ट्रॅक्टर. मालक गणपतराव, त्यांच्या वडिलांनी चाळीसेक वर्षांमागं पेरूच्या बागेसाठी आणला, ते गेल्यावर गोठ्यात पडला. वीस वर्षं त्याच्यावर कोंबड्या बसल्या. सीटखाली अजून एक अंडं होतं. माझ्या पोरीनं, संघप्रियानं, ते उचलून कानाशी हलवलं आणि लांब भिरकावलं.

गणपतरावांचं म्हणणं, बेंदराला बैलांच्या मिरवणुकीत पुढं हा चालला पाहिजे. गल्लीतल्याच दुसऱ्या शेडवाल्या बाळासोनं नको म्हटलं म्हणून काम माझ्याकडं आलं. हे त्यांनी सांगितलं नाही, टेम्पोवाल्यानं सांगितलं. बाळासोला ते मिस्त्री म्हणतात, मला भाऊसो म्हणतात. मी सातवी शिकलेला माणूस, कुणाच्या हाताखाली न राहता इंजिन शिकलो, बावीस वर्षं उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत माझं शेड आहे. असो.

आता खरं कारण. ते दुसरीकडं बोलण्यासारखं नाही म्हणून इथं लिहितो. पोरीची दहावी झाली. म्हणते, तंत्रनिकेतनात जाणार, यंत्र शाखेला. मी म्हणतो, अकरावी-बारावी कर, मग डी.एड. कर, मास्तरीण हो, पंख्याखाली बस. मी हात काळे केले ते घरात अजून दोन काळे हात तयार व्हावेत म्हणून नव्हे. बायको, शालू, माझ्याच बाजूची. समजावून, रागावून, अबोला धरून झालं. पोरगी ढिम्म.

मग युक्ती सुचली. सुट्टीभर तिला या ट्रॅक्टरवर जुंपायचं. गंज, काजळी, रॉकेल. जूनपर्यंत स्वतःहून अकरावीचा अर्ज मागेल.

२२ एप्रिल, बुधवार

इंजिन खोललं. एक सिलिंडर, पेट्रोलचं. माझी सगळी हयात विहिरीवरच्या डिझेल इंजिनांत गेली, पण इंजिन ते इंजिन. पिस्टन जागेवर धरला होता. तीन दिवस रॉकेल आणि ऑइल ओतून ठेवलं, मग लाकडाचा ठोकळा ठेवून ठोकला तेव्हा हलला.

संघप्रियाला नियम सांगितले. खोललेला बोल्ट ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं परातीत ठेवायचा. पाना पडला तर आधी पुसायचा मग वापरायचा. अंदाज हा शब्द माझ्या शेडमधे चालत नाही, माप सांगायचं. तिनं मान हलवली आणि परातीवर खडूनं आकडे घातले. ही कल्पना मला आधी का सुचली नाही कळत नाही. अर्थात मला लक्षात राहतं, तिला आकडे लागतात.

दिवसभर काजळी खरवडली. संध्याकाळी नाकाच्या शेंड्यापर्यंत काळी. विचारलं, कंटाळलीस? म्हणाली, उद्या कार्बोरेटर खोलायचा का? पहिलाच आठवडा आहे. पुढं दमेल.

३ मे, रविवार

ट्रॅक्टरबरोबर त्याचं पुस्तक मिळालं. बत्तीस पानं, इंग्रजी, पिना गंजलेल्या. इंजिनाच्या पुस्तकातलं इंग्रजी मला कळतं, ते मी पुस्तकातूनच शिकलोय. पण यांचं छापकाम एवढं फिकट असेल असं वाटलं नव्हतं. शेडमधला ट्यूबलाइटही मरगळलेला आहे. बाहेर उन्हात नेऊन, हात लांब करून वाचावं लागतं. संघप्रिया म्हणाली, मी वाचून दाखवते. म्हटलं, तुला टॅपेट म्हणजे काय ते माहीत आहे का? म्हणाली, काल तुमीच सांगितलंसा. एक्झॉस्टचा, म्हणजे धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह गरम झाला की त्याचा दांडा लांबतो, म्हणून दांडा आणि त्याला खालून ढकलणारं टॅपेट यांच्यात फट ठेवायची. फट नसली तर व्हॉल्व्ह मिटत नाही.

बरोबर सांगितलं. पण म्हणून पुस्तक तिच्या हातात द्यायचं का?

११ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. काम बंद. सकाळी विहारात जाऊन आलो. तिकडं निघताना शालूनं माझ्या सदऱ्याचं बटण लावायला सुई पुढं केली, दोरा ओवा म्हणाली, तिचे हात कणकेचे होते. हल्ली सुयांची नाकं बारीक करायला लागलेत. चार वेळा प्रयत्न केला, दारातून वारा येत होता. संघप्रियानं हातातनं सुई घेतली आणि एका दमात ओवली. मग माझ्याकडं बघत उभी राहिली. म्हटलं, काय बघतीस? म्हणाली, काय न्हाय.

१९ मे, मंगळवार

व्हॉल्व्ह घासून बसवले. आता टॅपेटची फट. या इंजिनात फट कमीजास्त करायला स्क्रू नाही. व्हॉल्व्हच्या दांड्याचं बूड दगडावर घासून फट वाढवायची, आणि एकदा घासलेलं परत भरता येत नाही. म्हणून पुस्तक दोनदा वाचलं. इनलेटला पाच थाऊ, एक्झॉस्टला तीन. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, केसाहून बारीक.

एक्झॉस्टला इनलेटपेक्षा कमी? जरा विचित्र वाटलं. एक्झॉस्टच जास्त तापतो. पण ज्यानं इंजिन बनवलं त्यानं पुस्तक लिहिलं, तो माझ्यापेक्षा शहाणा. मी पुस्तकाबाहेर जात नाही.

नेमका बाळासो आला होता, बिडी ओढत. म्हणाला, आमी बाबा पोस्टकार्ड घालून बघतोय, कार्ड सरकलं की झाली फट. म्हटलं, म्हणूनच तुमची इंजिनं पत्रासारखी परत येतात. तो हसला, पोरगीही हसली. मग हळूच म्हणाली, पप्पा, तीनच का? एकदा मी बघू का पुस्तक? मी पुस्तक खिशात घातलं. वाचलंय मी, म्हटलं.

फट मोजायच्या गेजची पाती काढली तर काय, प्रत्येक पात्यावर नेलपॉलिशचे लाल ठिपके. तीनच्या पात्यावर तीन, चारच्या पात्यावर चार. हिचाच उद्योग. शाळेत बाकांवर करतात तसला. बाळासोच्या देखत सगळी पाती थिनरनं पुसायला लावली. हत्यारावर नटवेगिरी चालणार नाही म्हणून सांगितलं. ती पुसत बसली.

६ जून, शनिवार

सुरू झाला. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी. सातव्या हँडलला. आवाज असा की गल्लीतली पोरं पळत आली. शालू पिठाच्या हातानं बाहेर आली. संघप्रिया ओरडली नाही, हात इंजिनाच्या अंगावर ठेवून उभी राहिली, दवाखान्यात ठेवतात तसा.

चार मिनिटं चालला आणि मेला.

परत हँडल मारलं, हँडल हलकं, काहीच जोर लागत नाही. अर्ध्या तासानं थंड झाल्यावर परत सुरू. चार मिनिटं. मेला.

१२ जून, शुक्रवार

आठवडाभर हेच. थंड असला की पहिल्या नाहीतर दुसऱ्या हँडलला सुरू, गरम झाला की मरतो. प्लग बदलला. ठिणगी देणारा मॅग्नेटो खोलून साफ केला. कार्बोरेटरचा जेट सुईनं मोकळा केला, म्हणजे संघप्रियानं केला, छिद्र फारच बारीक. पेट्रोलची नळी बदलली. टाकीत गंज असेल म्हणून टाकीत खडे घालून ती अर्धा दिवस हलवली. तेही काम तिचंच. दोन्ही दंड आखडले म्हणून शालू माझ्यावर चिडली.

आज पिस्टनच्या रिंगा नव्या टाकल्या. पाच मिनिटं चालला. एक मिनिट जास्त चालला म्हणून मी आनंद मानायचा, अशी वेळ आली आहे.

बाळासो जाता येता विचारतो, काय भाऊसो, आज किती मिंटं? गल्लीतल्या पोरांनी सेकंद मोजायला सुरुवात केली आहे.

१७ जून, बुधवार

दहावीचा निकाल. ब्याऐंशी टक्के. गणितात एकशे त्रेचाळीस, दीडशेपैकी. पेढे आणले. बाळासो म्हणाला, पोरगी कुणावर गेली म्हणायची? सात गेले कुठं, ते तिला विचारलं. म्हणाली, शेवटचं गणित वेळेत झालं न्हाई. म्हटलं, वेळ पुरवायला शिक. शालू म्हणाली, आज तरी गोड बोला. मी पेढा दिला की.

संध्याकाळी ट्रॅक्टर पाच मिनिटं.

२२ जून, सोमवार

एक काम तरी मार्गी लागलं. संघप्रिया अर्ज घेऊन शेडमधे आली. चार पानी, बारीक टायपात, मधे मधे तिनं निळ्या शाईनं भरलेलं. म्हणाली, पप्पा, सही पायजे. पण वाचून करा.

अर्ज तिनं स्वतःहून आणला. म्हणजे दोन महिन्यांचा गंज आणि काजळी फुकट गेली नाही. मी अर्ज घेऊन दारात उजेडाला गेलो. वर मोठ्या अक्षरात प्रवेश अर्ज. चारी पानं पालटली. मी न वाचता कधी सही करत नाही हे गल्लीला माहीत आहे. म्हणाली, सगळं वाचलंसा? म्हटलं, वाचलं. म्हणाली, मग काय बोलायचं न्हाई? म्हटलं, बोलायचं काय त्यात, योग्य तेच केलंयस. आणि जिथं तिनं बोट ठेवलं तिथं सही केली. वळणदार सही.

पोरगी खाली वाकून पाया पडली. डोळ्यांत पाणी. अकरावीच्या अर्जाला एवढं काय, मला कळलं नाही. मग दुपारभर न सांगता सगळे पाने पुसले, आकारानं लावून ठेवले, भिंतीवर खिळे मारले. गुणगुणत होती.

चला. निदान ते इंजिन सुरू झालं.

२७ जून, शनिवार

आज वाईट झालं. झालं तसं लिहितो.

चौथ्यांदा हेड खोललं होतं. मी म्हणत होतो सिलिंडर वाकडा झिजलाय, बोअर करायला पाहिजे. संघप्रिया म्हणाली, पप्पा, गरम झाला की हँडल हलकं लागतंय. म्हंजे दाब कुठनं तरी जातोय. एक्झॉस्टचा दांडा लांबून व्हॉल्व्ह उघडा राहतोय. फट कमी पडतीया.

म्हटलं, फट पुस्तकाप्रमाणं आहे.

ती म्हणाली, पुस्तकात आठ आहे.

बाळासो दारात होता. त्याच्यासमोर म्हणाली. मी विचारलं, पुस्तक कधी बघितलंस? म्हणाली, तुमी जेवायला गेलतासा तवा. सदरा खुंटीला होता. म्हटलं, माझ्या खिशात हात घातलास? म्हणाली, पप्पा, एकदा मोठ्यानं वाचा, मग मी काय बोलणार न्हाई. आणि पुस्तक उघडून माझ्यापुढं धरलं.

मी पुस्तक घेतलं. तिथं तीन होतं. मला तीनच दिसलं. मी म्हटलं तीन. ती म्हणाली आठ. बाळासो म्हणाला, अहो बघू तरी इकडं. मी पुस्तक मिटलं. सोळा वर्षांच्या पोरीनं बावीस वर्षं काम केलेल्या मिस्त्रीला आकडे शिकवायचे नाहीत, असं म्हटलं. बाहेर हो म्हटलं. परत शेडमधे पाय ठेवू नकोस म्हटलं.

ती गेली. जाताना हातातला पाना पुसून खिळ्याला लावून गेली.

बाळासो म्हणाला, चुकलं भाऊसो. मी त्यालाही जा म्हटलं.

३० जून, मंगळवार

एकटाच काम करतो. पूर्वीही एकटाच करत होतो. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगची कॉटर खाली पडली, एवढीशी असते, दोन तास फरशी चाचपली. शेवटी चुंबक दोरीला बांधून ओढला तेव्हा लागली. संघप्रिया घरात आईला भाकरी करायला मदत करते. मला हेच पाहिजे होतं. मग मला राग का येतो?

आज हँडल उलटं आलं आणि मनगटाला बसलं. सुजलंय. अक्षर म्हणून असं.

३ जुलै, शुक्रवार

गणपतरावांनी टेम्पो पाठवला. मी नको म्हणत होतो, त्यांनी ऐकलं नाही. मुरगूडला पेरूच्या बागेत ट्रॅक्टर उतरवला. गावातली तीसचाळीस माणसं. हँडल मारलं, पहिल्याला सुरू. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी सीटवर बसलो. पहिली ओळ पार. दुसरी पार. तिसऱ्या ओळीत, बरोबर मधे, मेला.

हँडल मारलं. हलकं. कुणीतरी म्हणालं, बैल जोडा. सगळे हसले.

गणपतराव काठी टेकत आले. म्हणाले, भाऊसो, पुस्तक दिलं हुतं न्हवं? वाचलंस का? म्हटलं, पाठ आहे. म्हणाले, दाव बघू. मी ते टॅपेटचं पान काढून बॉनेटवर ठेवलं. त्यांनी वाकून बघितलं, ऊन होतं, घाम डोळ्यांत गेला असेल. चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत बसले.

तो मी पानाच्या वर वीतभर धरून होतो. त्याच्या काचेतून मला पान दिसत होतं. अक्षरं मोठी, काळी, काठ धरून उभी. कुठंही फिकट नाही. एक्झॉस्टपुढचा इंग्रजी आकडा मी बघितला. तीन एका बाजूनं उघडा असतो. हा बंद होता. दोन्ही गोल बंद.

मी बघत राहिलो. गणपतरावांनी चष्मा घेतला आणि तिथं परत तीन झाला.

म्हणाले, काय बिघाड हाय म्हणायचा मग? म्हटलं, थोडं राहिलंय. परत नेतो. म्हणाले, आरं बेंदूर बुधवारी हाय. म्हटलं, माहीत आहे.

टेम्पोत मी मागं ट्रॅक्टरजवळ बसलो. छापकाम फिकट. ट्यूबलाइट मरगळलेला. सुयांची नाकं बारीक. सगळं आठवत आलो. कागलपर्यंत पुरलं. आणि ते लाल ठिपके. ती नटवेगिरी नव्हती. मी बाळासोसमोर पुसायला लावले.

५ जुलै, रविवार

सकाळी संघप्रियाला म्हटलं, शेडमधे ये. आली, दाराबाहेर उभी राहिली. पाय ठेवू नकोस म्हटलं होतं ना. म्हटलं, आत ये. आली.

म्हटलं, एक्झॉस्टचा दांडा अजून पाच थाऊ घासायचा.

ती म्हणाली, म्हंजे आठ.

म्हटलं, मी पाच म्हटलं.

व्हय, म्हणाली. तीन आन् पाच.

हसली नाही. ते तिचे उपकार.

घासायचं काम तिला दिलं. मनगट सुजलंय म्हणून, असं सांगितलं. दगडावर दांडा उभा धरून, आठाच्या आकारात फिरवून घासायचा, म्हणजे बूड सपाट राहतं. हेही मीच शिकवलेलं. चार वेळा घासला, चार वेळा बसवून मोजलं. मी बाजूला स्टुलावर बसलो. एकदा सवयीनं म्हणालो, बघू गेज. तिनं गेज दिलं आणि दुसरीकडं बघू लागली. मी पातं बोटांत फिरवून परत दिलं. बरोबर आहे, म्हटलं.

एक गोष्ट लिहून ठेवतो. चूक कमी फटीच्या बाजूची होती म्हणून व्हॉल्व्ह वाचला. उलटी असती, जास्त घासला गेला असता, तर हा व्हॉल्व्ह आता जगात कुठं मिळत नाही.

६ जुलै, सोमवार

अठ्ठेचाळीस मिनिटं. पेट्रोल संपलं म्हणून थांबला. गल्लीतल्या पोरांनी मोजायचं अर्ध्यात सोडून दिलं.

दुपारी चष्मा केला. सव्वादोन नंबर. दुकानदारानं विचारलं, किती वर्षं असं चाललंय? म्हटलं, आत्ताच जरा. घरी सांगितलं, पेपर वाचायला. शालू म्हणाली, मास्तरासारखं दिसतंय. संघप्रिया म्हणाली, फ्रेम चांगली हाय.

या वहीची मागची पानं चाळली. माझं अक्षर एप्रिलपासून मोठं होत गेलंय. शेवटी शेवटी पानावर नऊच ओळी.

८ जुलै, बुधवार

बेंदूर. बैलांच्या शिंगांना हिंगूळ, पाठीवर झुली, आणि सगळ्यांच्या पुढं आमचा ट्रॅक्टर. वेशीपासून देवळापर्यंत आणि परत. एकदाही मेला नाही. बैल मात्र त्याच्या आवाजाला तीन वेळा बुजले. मी चालवत होतो, संघप्रिया बाजूनं हात इंजिनाजवळ धरून चालत होती. गणपतरावांनी मला फेटा बांधला. म्हणाले, भाऊसो, नाव काढलंस. अजून भाऊसोच. मग पोरीकडं बघून विचारलं, ही काय करती? मी काही म्हणायच्या आत ती म्हणाली, टॅपेट करती. ते हसले. त्यांना टॅपेट म्हणजे काय ते ठाऊक नसावं.

१८ जुलै, शनिवार

पोस्टानं पाकीट आलं. शालूनं फोडलं, तिला इंग्रजी येत नाही पण हे मराठीत होतं. शेडमधे घेऊन आली. तंत्रनिकेतनचं पत्र. यंत्र शाखेत प्रवेश मिळाला आहे, मंगळवारी कागदपत्रं घेऊन यावं. खाली नाव, संघप्रिया भाऊसो.

शालू म्हणाली, ह्ये काय? अकरावीचं काय झालं? पोरगी तिच्या मागं होती. म्हणाली, आई, पप्पांनीच सही केलीया. वाचून.

मी पत्रावरून मान वर केली. चष्मा लावलेला होता. संघप्रियानं चष्म्याकडं बघितलं. मी बघत होतो तिच्या तोंडाकडं, आणि तिच्या तोंडावरचे दिवे एक एक करून विझत गेले. बावीस जूनला चष्मा नव्हता. तिला गणितात एकशे त्रेचाळीस आहेत.

ती म्हणाली, पप्पा, तुमी वाचलं व्हतं न्हवं?

माझ्याकडं दोन वाटा होत्या. नाही म्हटलं की संपलं. मंगळवारपर्यंत अर्ज मागं घेता येतो, अकरावीचे प्रवेश अजून चालू आहेत. एका शब्दाचं काम. तो शब्द खरा होता. आणि मला जे पाहिजे होतं तेच त्यानं झालं असतं. पंखा, खुर्ची, पांढरे हात.

तिचे हात बघितले. आठवडाभर रॉकेलला हात लावलेला नाही, तरी नखांच्या कडेला काळी रेघ आहे. ती निघत नाही, माझीही निघालेली नाही. हाताला हात जोडून उभी होती, त्या दिवशी इंजिनावर ठेवला होता तसा एक हात दुसऱ्यावर.

म्हटलं, व्हय. वाचूनच केली.

शालू म्हणाली, मग मला का सांगितलं न्हाईसा?

म्हटलं, सगळंच बोलायचं असतंय काय?

शालू दिवसभर बोलली नाही. हे चालेल, निस्तरता येईल.

दुपारी संघप्रिया कॉलेजच्या कागदांची झेरॉक्स करायला गेली तेव्हा तिच्या फायलीतून अर्जाची नक्कल काढली आणि चष्मा लावून बसलो. पहिल्यांदा वाचला. चारी पानं, एकेक ओळ. शाखा, यंत्र. दुसरी पसंती, रिकामी. तिसरी, रिकामी. पालकाचा व्यवसाय. शाळेच्या प्रत्येक कागदावर मी तिला तिथं खासगी नोकरी लिहायला लावत आलो. इथं लिहिलंय, इंजिन मिस्त्री.

शेवटच्या पानावर माझी सही. वळणदार. पण रेघेवर नाही. तिनं बोट रेघेवर ठेवलं होतं आणि मी त्याच्या दीड इंच वर, छापलेल्या मजकुरावर आडवी सही ठोकून दिली आहे. सहीच्या खालून तो मजकूर वाचता येतो. पालकांनी संपूर्ण अर्ज वाचूनच सही करावी.

तिनं हे त्या दिवशी बघितलं असणार. सहीआधी वाचलंसा का म्हणून विचारलंच होतं, तरी आज परत एकदा विचारलं.

नक्कल होती तशी फायलीत ठेवली.

मंगळवारी मी बरोबर जाणार. त्याआधी उद्या तिला सांगायचं, गेजच्या पात्यांवर ते लाल ठिपके परत दे. आकडे पुसत आलेत म्हणून.